कानाची काठी

मी एक जुनी काठी आहे. पण आधीच सांगून ठेवते मित्रांनो, माझ्या आधाराने कोणी चालत नाही, की मला उगारून कोणी कुत्रं हाकलत नाही. मला कानाला लावतात. हे ऐकून हसू आलं असेल तर हसून घ्या. माझ्या सुतारालाही आलं होतं.

तो पंपाच्या कारखान्यातला सुतार. पंप बाहेरगावी पाठवायची खोकी ठोकणं हे त्याचं काम. एक दिवस म्हातारे फिटर मोडक्या फावड्याचा दांडा घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले.

"याचा हातभर तुकडा काप. एक टोक निमुळतं कर, दुसरं दाराच्या मुठीसारखं गोल. मध्ये गाठ येऊ देऊ नकोस, गाठीत आवाज अडकतो."

"कशाला हवंय?"

"कानाला लावायला."

"आज कानाला काठी मागताय. उद्या नाकाला फळी मागाल," सुतार म्हणाला.

तोंडाने थट्टा चालली होती, तरी हात मन लावून काम करत होता. त्याने मला तीन दिवस घासलं. देताना म्हणाला, "नाहीच ऐकू आलं, तर कपडे धोपटायला होईल." असा माझा जन्म झाला. फावड्याचा दांडा म्हणून मी किती माती उपसली होती ते आता आठवत नाही. तो गेला जन्म.

माझं काम तसं सोपं आहे. निमुळतं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं. बेअरिंग म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसवलेलं पोलादी कडं. त्याच्या पोटात गोट्यांसारख्या लहान लहान गोळ्या फिरत असतात. माझं गोल टोक कानापुढच्या हाडावर दाबून धरायचं. झालं. शेडमध्ये घण पडोत, पत्रे आदळोत, त्या गोळ्यांचा आवाज माझ्या अंगातून चढतो आणि सरळ माणसाच्या डोक्यात जातो. मी स्वतः काही करत नाही. मी फक्त मध्ये येत नाही. एवढंसुद्धा जमणारे जगात फार थोडे, असं म्हातारे फिटर म्हणायचे, आणि बोलताना मोठ्या साहेबांच्या खोलीकडे बघायचे.

शेडच्या टोकाला तपासणीचं टेबल होतं. शेजारी पाण्याची टाकी. तयार झालेला प्रत्येक पंप त्या टेबलावर बांधायचा, चालू करायचा, आणि दोन मिनिटं मला लावून ऐकायचं. ठीक असेल तर खडूने बरोबरची खूण, नसेल तर फुली. फुलीपुढे एक शब्द. हे शब्द कुठल्या पुस्तकात नव्हते. ते म्हाताऱ्या फिटरांनी केलेले होते, आणि सगळा कारखाना ते वापरायचा. बेअरिंगला वंगण कमी पडलं असेल तर तो पंप 'रडका'. आत कचरा गेला असेल तर 'दातखाऊ'. दांडा वाकडा असेल तर 'लंगडा'. पाणी फेकणारं चाक कुठे घासत असेल तर 'ठसका'. फुली आणि शब्द बघितला की जोडणाऱ्यांना कळायचं, नेमकं काय खोलायचं ते.

आणि पाचवा शब्द होता 'घुमा'.

घुमा माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याला दुखलं तरी तो बोलत नाही, रागावला तरी बोलत नाही, आणि मग एक दिवस ताट भिरकावतो. पंपही तसा असतो. बेअरिंग बसवताना जरा जास्त घट्ट बसलं की गोळ्यांना हलायला जागा राहत नाही. असा पंप थंड असताना इतका गुळगुळीत चालतो की बघणाऱ्याने त्याचा मुका घ्यावा. पण अर्ध्या तासाने तो तापायला लागतो, आणि पुढे काही महिन्यांत कधीतरी दांडा जळून जागच्या जागी बसतो. चांगल्या पंपाच्या आवाजाच्या तळाशी बारीक सळसळ असते, सुपात धान्य हलवल्यासारखी. घुम्यात ती नसते. म्हणजे घुमा ओळखायचा, तर जे आहे ते ऐकून भागत नाही. जे नाही ते ऐकू यावं लागतं.

म्हाताऱ्या फिटरांना कोणीतरी वारस हवा होता. त्यांनी फिटरांमध्ये शोधला नाही. तांब्याची तार गुंडाळणाऱ्या बायकांच्या टेबलावर पंचविशीची एक बाई होती. एक दिवस तिने शेडच्या पलीकडून म्हाताऱ्या फिटरांना ओरडून सांगितलं, "दादा, तुमच्या डोक्यावरचा पंखा दोन दिवसांत मरणार बघा." तो दीड दिवसात मेला. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी उभी होती.

याच आमच्या मावशी. तेव्हा त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या, पण पुढे सगळ्यांच्या झाल्या. चार शब्द त्यांना वर्षभरात आले. घुमा यायला तीन वर्षं लागली. म्हातारे फिटर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला मावशींच्या हातात दिलं. भाषण वगैरे त्यांना येत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "तू जाशील तेव्हा निदान एकाला तरी देऊन जा. आणि घुम्यासकट दे. चारच देऊन जाऊ नकोस. चार कोणालाही येतील."

मावशींनी मान डोलावली. मित्रांनो, त्यांच्या त्या एका मान डोलावण्याची ही सगळी गोष्ट आहे.

मग बावीस वर्षं मी मावशींच्या कानाला होते. माझं गोल टोक त्यांच्या हाडाच्या आकाराचं झालं. त्यांच्या केसांच्या तेलाने मी काळी आणि गुळगुळीत झाले. घरी त्यांचे यजमान म्हणायचे, "हिच्या पाठीमागे तोंड वाकडं केलं तरी हिला ऐकू जातं." कारखान्यात पाहुणे आले की मोठे साहेब त्यांना आमच्या टेबलापाशी आणत आणि कौतुकाने म्हणत, "हे आमचं सगळ्यात स्वस्त यंत्र!" ते माझ्याकडे बोट दाखवत की मावशींकडे, ते आम्हा दोघींना शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुणे हसायचे. मावशीही हसायच्या आणि पुढच्या पंपाला खडूने फुली मारायच्या, जरा जोरात.

निवृत्तीला पाच वर्षं उरली तेव्हा मावशी साहेबांच्या मागे लागल्या. मला हाताखाली एक माणूस द्या, म्हणाल्या. सहा महिने त्या रोज जाऊन तेच सांगत होत्या. शेवटी पॅकिंगमधून एक बाई आली. तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. तिशीची, दोन मुलांची आई, हात चलाख, पण तोंड सकाळी लागलं की सुट्टीच्या भोंग्यालाच बंद होणार. तिच्या जावेचं काय झालं, मुलाच्या बाईंनी वहीत काय शेरा दिला, दुधाच्या रांगेत कोण मध्ये घुसलं, सगळं. पॅकिंगवाल्यांनी तिला आनंदाने सोडलं असावं.

पहिल्या दिवशी मावशींनी मला तिच्या कानाला लावलं आणि विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"मावशी, याच्यातून तर माझाच आवाज येतोय."

"मग बंद कर ना बये तो."

रेडिओला गप्प बसायला शिकवण्यात चार महिने गेले. मावशी तिला दातांत रुमाल धरायला लावायच्या. पण एकदा गप्प बसायला जमलं, आणि मग मला तिचं नवल वाटायला लागलं. तिला आवाज लक्षात राहायचे. ती घरी जाऊन मुलांना लंगड्या पंपाची नक्कल करून दाखवायची. दीड वर्षात चारही शब्द तिला आले. पाचवा राहिला होता. घुमा समोर आला की ती खुशाल बरोबरची खूण करायची. मावशी ती पुसायच्या, पंप अर्धा तास चालू ठेवायच्या, आणि तिचा तळहात बेअरिंगच्या झाकणावर ठेवायच्या. चटका बसला की ती हात झटकून म्हणायची, "मेला किती शहाण्यासारखा चालत होता!"

"येईल," मावशी म्हणायच्या. "अजून वर्ष दीड वर्ष. येईल."

आणि मग डबा आला.

डबा म्हणजे शिसवी रंगाची एक पेटी. तिला एक वायर, वायरच्या टोकाला चुंबक. चुंबक पंपाला चिकटवायचं, हिरवं बटण दाबायचं, चाळीस सेकंदांत दिवा लागतो. हिरवा किंवा लाल. डब्याबरोबर धाकटे साहेब आले. वय सव्वीस सत्तावीस, चष्मा, बोलणं नम्र. खोटं कशाला सांगू, मला ते आवडले. ते आल्या आल्या म्हणाले, "मावशी, डब्याला अजून काहीच येत नाही. तो कोरा आहे. तुम्ही शिकवाल तेवढंच त्याला येणार."

मावशींना बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्यांना कोणी गुरू केलं नव्हतं. तीन आठवडे असं चाललं: डबा पंपाचा आवाज टिपून घ्यायचा, मावशी मला लावून ऐकायच्या आणि शब्द सांगायच्या, आणि साहेब तो शब्द त्या आवाजापुढे लिहायचे. रडका. लंगडा. चांगला. चांगला. घुमा. धाकट्या साहेबांनी एकदाही जांभई दिली नाही.

चूक कुठे झाली ते मला ठाऊक आहे, कारण मी तेव्हा टेबलावरच पडले होते. मावशी जेवायला गेल्या होत्या. साहेब डब्याला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर आवाजांच्या रेघा बघत बसले होते. ते घरात दोन भाषा आणि शाळेत तिसरी शिकून मोठे झालेले; 'घुमा' हा शब्द त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. त्यांना वाटलं, घुमा म्हणजे जो घुमतो तो. मोठा आवाज करणारा. आता घुमा लिहिलेल्या प्रत्येक पंपाची रेघ त्यांनी बघितली, तर ती सगळ्यात शांत, सरळ, स्वच्छ. घुमण्याचं नावच नाही. त्यांनी डोकं खाजवलं. मग फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलले, "नाही, बाकीचं अचूक आहे त्यांचं. या एकाच प्रकारात गोंधळ होतोय. वय झालंय ना. मी गुपचूप दुरुस्त करतो. उगाच त्यांना कशाला वाईट वाटायला लावायचं."

आणि त्यांनी ते सगळे घुमे उचलून 'चांगला'मध्ये टाकले. आधीच्या नोंदी पुसल्या.

मित्रांनो, दुष्टपणाने केलेली चूक कधीतरी उघडी पडते, कारण करणाऱ्याचं मन खातं. मायेने केलेल्या चुकीला ती सोय नसते. साहेब त्या दिवशी घरी समाधानाने गेले असतील. "मावशी, घुमा म्हणजे काय हो?" एवढं विचारायला त्यांना चार सेकंद लागले असते.

डब्याने काम चोख केलं, हेही मला सांगायला हवं. रडके, लंगडे, दातखाऊ, ठसके तो मावशींपेक्षा लवकर पकडायचा. मावशींना सर्दी व्हायची, घरचं टेन्शन असायचं. डब्याला घर नव्हतं. जिथे दिवसाला साठ पंप तपासून व्हायचे तिथे अडीचशे व्हायला लागले. शिकवणाऱ्याचं काम संपलं म्हणून मावशींना लेबलं चिकटवायच्या खोलीत पाठवलं. ती खोली हवा दाबायच्या मोठ्या यंत्राला लागून होती. दिवसभर तिथे धडधड, धडधड. मावशी जाताना रेडिओला म्हणाल्या, "रोज दहा तरी पंपांना काठी लावत जा. डबा सांगायच्या आधी."

रेडिओने लावली. पहिले पंधरा दिवस दहा, मग पाच. पण टेबलापुढच्या भिंतीवर आता आकड्यांचा फलक लागला होता, आणि मी कानाला असले की त्या फलकावरचा आकडा हलत नसे. मग ती जेवणाच्या सुट्टीत लावायला लागली. मग सुट्टीत तिला बोलायचं असायचं. कसं कोण जाणे, एक दिवस मी खणात गेले.

खणातून मला अधूनमधून काढत. रंगाचा डबा ढवळायला. खिडकी उघडी ठेवायला टेकू म्हणून. कोणाची तरी पाठ खाजवायला, आणि मित्रांनो, त्याचंही मला फार वाईट वाटलं नाही, निदान माणसाचं अंग तरी लागलं. पण एक गोष्ट मला लागली. डब्याचं बटण जरा लांब होतं. रेडिओने खुर्चीवरून न उठता ते दाबायचं कसब शोधलं. माझ्या निमुळत्या टोकाने. आता दिवसातून अडीचशे वेळा मी डब्याचं बटण दाबत होते.

एकदा मावशी पाणी प्यायला त्या बाजूला आल्या. टेबलावरचा पंप चालू होता.

"काय म्हणतोय?" त्यांनी सवयीने विचारलं.

"हिरवा म्हणतोय," रेडिओ म्हणाली.

मावशींनी भरलेला पेला तसाच खाली ठेवला. मग पाणी न पिताच गेल्या.

दोन वर्षं गेली. मग खोकी परत यायला लागली. आधी चार, मग अकरा, मग एका दिवशी टेम्पो भरून. आतले पंप जागच्या जागी बसलेले, दांडे जळून निळे पडलेले. एक पंप दवाखान्याच्या टाकीवरचा होता. तिथे दोन दिवस बादल्यांनी पाणी चढवलं, असं बरोबरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. प्रत्येक पंपावर तपासणीचा शिक्का होता, आणि शिक्क्यावर रेडिओचा नंबर.

मोठ्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "हे तू पास केलेस?"

"डब्याने केले, साहेब. हिरवा लागला होता."

"शिक्का डब्याचा आहे का?"

बोलून बोलून अख्ख्या शेडचं डोकं खाणारी ती बाई शिक्क्यावरचा आपला नंबर बोटाने चाचपायला लागली. शिक्का तिचाच होता. कसब काढून घेतलं होतं, जबाबदारी मात्र तिच्याकडेच ठेवली होती.

धाकटे साहेब दोन रात्री झोपले नसावेत, असं दिसत होतं. त्यांनी मावशींना लेबलांच्या खोलीतून बोलावून आणलं. टेबलावर पाच नवे पंप बांधून ठेवले होते. मावशींना निवृत्त व्हायला तीन महिने उरले होते. रेडिओने खणातून मला काढलं, पदराने पुसलं. पुसून रंग जाणार नव्हता.

मावशींनी मला उचललं. दोन वर्षांनी. त्यांचं हाड माझ्या ओळखीचं, माझी खोबण त्यांच्या ओळखीची. सगळं जिथल्या तिथे बसलं. पहिल्या पंपाचा आवाज माझ्यातून वर गेला, नेहमीसारखा. मी काहीही अडवलं नाही. सळसळ नव्हती. मला स्वच्छ कळत होतं, तो घुमा होता. मी वाट बघत राहिले.

मावशींनी डोळे मिटले. उघडले. दुसरा पंप. तिसरा. पुन्हा पहिला. मग त्यांनी मला हळूच टेबलावर ठेवलं.

"मला कळत नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं मावशी?" धाकटे साहेब म्हणाले. "पुन्हा एकदा ऐका ना."

"शंभरदा ऐकेन. कानात ते हवेचं यंत्रच बसलंय माझ्या. सगळीकडे धडधड. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं, तर झोपेत सांगितलं असतं." मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "परत आलेले ते घुमेच असणार पण. निळा दांडा म्हणजे घुमाच."

"पण मावशी, आवाज तर अजिबात मोठा नाही. घुमा म्हणजे घुमणारा ना?"

"अहो साहेब, घुमा म्हणजे तोंड न उघडणारा. तुमच्या घरी कोणी रुसत नाही का?"

धाकटे साहेब खुर्चीवर बसले, म्हणजे खुर्ची होती म्हणून बसले. म्हणाले, "मी ते सगळे चांगल्यात टाकले होते. मला वाटलं, तुमची चूक झाली."

"मग विचारायचं नाही होय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आत्ता बरं वाटतंय का?" मावशी म्हणाल्या. पण आवाजात राग नव्हता. रागाला लागणारं बळही त्यांच्यात उरलं नव्हतं.

आता खरी अडचण उभी राहिली. डब्याला पुन्हा शिकवायचं, तर घुम्यांचे आवाज हवेत. कोणता आवाज घुम्याचा, हे सांगणारं माणूस हवं. आणि ज्या एका बाईला ते येत होतं, तिचं ते गेलं होतं. प्रत्येक पंप अर्धा अर्धा तास तापवून बघायचा, तर दिवसाला मोजके दहा पंप बाहेर पडले असते. मावशी खाली बघत म्हणाल्या, "घुम्यासकट दे म्हणाले होते. मी चारच दिले. आणि माझेही राहिले नाहीत." हे कोणाला सांगितलं ते तिथे कोणालाच कळलं नाही, फक्त मला कळलं.

तेव्हा रेडिओ पुढे आली. "तापवूनच बघूया ना मावशी. आधी ऐकायचं, मनाशी काय ते ठरवायचं, मग अर्धा तास थांबून हात लावायचा. चूक की बरोबर ते चटका सांगेल. तुम्ही मला तसंच शिकवत होतात की. आता दोघी शिकू."

मोठे साहेब चरफडले. पण परत आलेली खोकी समोरच होती. त्यांनी दोन महिने दिले.

मित्रांनो, ते दोन महिने मी फार दमले. रोज दहा पंप. आधी मावशी, मग रेडिओ. दोघी आपापला शब्द कागदावर लिहायच्या, एकमेकींना दाखवायच्या नाहीत, शाळेतल्या मुलींसारख्या कागदावर हात आडवा धरायच्या. अर्ध्या तासाने झाकणावर तळहात. पहिल्या आठवड्यात दोघी जवळजवळ सगळं चुकल्या. तिसऱ्या आठवड्यात मावशी तीनपैकी दोन घुमे ओळखायला लागल्या आणि पाचव्यात पुन्हा चुकायला लागल्या. कान उतरत्या वयाचा होता. गेलेलं सगळं परत आलं नाही. ते सगळं येतही नाही. रेडिओने बोलणं सोडलं होतं. घरी मुलं विचारतात, आई तुला बरं नाही का, असं तिनेच एकदा सांगितलं, तेवढंच.

सातव्या आठवड्यात एक पंप आला. मावशींनी खूप वेळ ऐकला आणि लिहिलं, चांगला. मग रेडिओने मला घेतलं. तिचं हाड वेगळं आहे. मी अजून तिच्या मापाची झालेली नाही, तिला मला थोडं तिरकं धरावं लागतं. मला कळलं की ती सळसळ शोधत नाहीये. ती सळसळीची जागा ऐकतेय, आणि ती जागा रिकामी आहे. तिने कागदावर एक शब्द लिहिला.

अर्ध्या तासाने मावशींनी झाकणावर हात ठेवला आणि झटकन काढला. त्यांनी रेडिओचा कागद उलटा केला. बघितला. मग तो तळहात, लाल झालेला, तिच्या गालावर ठेवला.

"भाजतंय ना मावशी," रेडिओ म्हणाली आणि रडायला लागली.

"भाजू दे," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर डबा नीट शिकला. या वेळी शब्द रेडिओने सांगितले आणि धाकट्या साहेबांनी प्रत्येक शब्दाला "म्हणजे काय?" असं विचारून घेतलं, अगदी 'चांगला' या शब्दालासुद्धा. डबा आता घुमे पकडतो. फलकावरचे आकडे पुन्हा हलू लागले. मला काचेच्या पेटीत घालून कारखान्याच्या दारात ठेवायचं, खाली माहितीची पाटी लावायची, असं मोठ्या साहेबांच्या मनात होतं. रेडिओने साफ नकार दिला. म्हणाली, दहातला एक पंप मी आधी काठीने ऐकणार, मगच डबा लावणार. साहेब म्हणाले, आकडा पडेल. घासाघीस होऊन विसातल्या एकावर ठरलं.

मावशी निवृत्त होऊन घरी गेल्या. जाताना मला हातात घेतलं नाही. हात भरलेले होते, दोन्हीकडे पिशव्या होत्या. माझ्याकडे बघितलं तेवढं पुरलं.

आता मी टेबलाच्या कडेला खिळ्याला टांगलेली असते. एकोणीस पंप नुसती लटकते, विसाव्याला कामाला लागते. लाकूड सुकत चाललंय, मुठीला बारीक चीर गेली आहे. डब्यावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं ते तो करतो, आणि तो मध्ये येत नाही, हा त्याच्यातलाही गुणच. माझं मागणं माणसांकडे आहे. तुमच्या घरात, शेजारात, कामावर कोणाला काही येत असेल, हाताला, कानाला, जिभेला, तर त्याला ते रोज करू द्या. आकडा थोडा पडला तर पडू द्या. त्याचा शब्द कळला नाही तर मनाने दुरुस्त करू नका, विचारा. आणि त्याचा सत्कार करून त्याला काचेआड बसवू नका. काचेत ऐकू येत नाही.

रेडिओ आता चाळिशीकडे आली आहे. गेल्या सोमवारी ती मोठ्या साहेबांकडे गेली होती. मला हाताखाली एक माणूस द्या, घुमा शिकायला तीन तीन वर्षं लागतात, आत्तापासून सुरुवात केली तर होईल, असं तिने सांगितलं. परत आली आणि खुर्चीत बसली. धाकट्या साहेबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी ना कोणी तुमच्यापुढे असंच काही मागायला येईल. तेव्हा बघू म्हणू नका. नुसतं बघून यातलं काही होत नाही. ऐकावं लागतं.